पाठीवरची शाई

बेहाला, कोलकाता
७ नोव्हेंबर

ती. बाबांना,
आभाचा सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, तेव्हा हे पत्रच बरं. मी मजेत आहे. गार्डन रीचच्या शाखेत मॅनेजर म्हणून आता रुळले. थंडी अजून नाही.

एक घोटाळा मात्र झाला. तुम्ही दिलेलं शाईचं पेन पर्समध्ये गळलं आणि पिवळ्या कुर्त्याच्या पाठीवर तळहाताएवढा निळा डाग पडला. सकाळी रिक्षात पर्स पाठीमागे ठेवली होती, तेव्हाच पडला असणार. संध्याकाळी घरी येऊन आरशात पाहिलं तेव्हा कळलं. साबणाने घासला तर आणखीच पसरला. बँकेत सगळे खूप हसले, दिवसभर माझी चेष्टा केली. काही उपाय असेल तर कळवा. गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची माया आहेच, ती अशीच पत्रातून येऊ द्या.

आभा

मिरज
१५ नोव्हेंबर

चि. आभास अनेक आशीर्वाद.

डाग घासू नकोस आणि गरम पाणी तर मुळीच नको, पक्का बसेल. कुर्ता दुधात भिजत ठेव. दूध निळं झालं की बदल. मग लिंबू-मीठ चोळून उन्हात टाक. शाळेत शिकवत होतो तेव्हा माझा एकही सदरा निळ्या खिशावाचून नव्हता. गुडघा बरा आहे.

तुझं पत्र दोनदा वाचलं. डाग घरी येऊन पाहिलास म्हणतेस. मग बँकेत हसलं कोण?

सवडीने लिही, पण खरं लिही.

तुझा,
बाबा

बेहाला
२६ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

कोणी हसलं नाही. तो डाग घेऊन मी दिवसभर शाखेत हिंडले, काउंटरवर उभी राहिले, आणि एकानेही सांगितलं नाही. डागापेक्षा तेच लागलं.

तुमचं पत्र आल्यावर आमच्या कॅशिअर सुतपादींना विचारलं. वयाने त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून 'दी', म्हणजे ताई. हातातल्या नोटा त्यांनी मोजून संपवल्या. मग म्हणाल्या, "दिसला होता, मॅडम. पण सांगितलेलं तुम्हाला आवडेल की नाही, कळेना. तुम्ही तर जेवतासुद्धा दार लावून."

दार मी लावते, कारण बाहेर सगळे बंगालीत बोलतात. मला कळत नाही, आणि माझ्यामुळे त्यांनी अवघडून बसावं असंही वाटत नाही. पण हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

दुधाने डाग बराच गेला. फिकट निळी कड उरली आहे, ती जाईलसं दिसत नाही.

आज डबा घेऊन त्यांच्यात गेले. सगळ्यांनी सरकून जागा दिली. थोडा वेळ माझ्यासाठी हिंदीत बोलले, मग हळूहळू बंगालीवर गेले आणि कशावरून तरी पोट धरून हसू लागले. मला एक अक्षर कळलं नाही. तरी डबा संपेपर्यंत तिथेच बसले.

पत्र लवकर पाठवा. वाट पाहते.

तुमची,
आभा