लिंपलेला झरोका

उत्रोली, कार्तिक वद्य २, सन १९३८
बाळंतपणाला माहेरी आले. भात कापून झालंय, खाचरं मोकळी. आणि ढेकण्या घराकडं वळल्यात. भातावरचे ते तपकिरी किडे, चिरडले की हाताचा वास जाता जात नाही. थंडी पडली की उबेला येतात, भिंतीच्या फटीत, कौलांखाली, घोंगड्याच्या घडीत शिरून बसतात. दरसालचंच. आज पाण्याच्या तांब्यात दोन निघाल्या.
आई म्हणते, "चावत न्हाईत की त्या." पण तिचीच नजर सारखी आढ्याकडं.
बाळंतिणीची खोली तीच आहे. अजून आत गेले नाही.

वद्य ५
आबा सकाळपासून कुडाच्या फटी लिंपतायत. शेण, माती, भाताचा तूस. या वयात माचीवर चढून कौलांखाली हात घालतात. मी म्हणाले, "आबा, राहू द्या, दादा करंल." तर वळूनसुद्धा बघितलं नाही.
का, ते ठाऊक आहे. दोन हिवाळ्यांमागं माझा पहिला मुलगा याच खोलीत झाला. त्याच्या कानात ढेकणी शिरली. कोमट तेल सोडलं, निघाली. पण मग दोनच दिवसांनी दुपारी निजला तो उठलाच नाही. किडा मेंदूत गेला, असं सगळं गाव म्हणालं. आबांनी तेच मनात धरलंय.

वद्य १०
झोप नाही. या कुशीवर, त्या कुशीवर. वहिनीनं (दादाची बायको, माझ्याहून लहान) निरगुडीचे डहाळे आणून दारात, बाजेखाली पसरले. वासानं मळमळतं. ढेकण्यांना काही वाटत नसावं, डहाळ्यावरच बसल्यात.
ह्यांचा भोरहून निरोप. शाळेला सुट्टी नाही, पाचवीला येतो म्हणून.

मार्गशीर्ष शुद्ध १
मुलगी. काळेभोर केस. रडणं खणखणीत.
आबा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "कान बघा तिचं."

शुद्ध ५
बाळंतिणीनं लिहू नये, डोळे जातात म्हणे. आई गोठ्यात गेली तेवढ्यात चार ओळी.
काल दुपट्यावर एक ढेकणी सापडली. आई ओरडली, वहिनी फडकं घेऊन धावली. मी पोरीला छातीशी धरून भिंतीला लागून उभी. त्यानंतर आबांनी उरलेला झरोकाही बुजवला. आत गोणपाट, वरनं माती. दाराच्या फटीला चिंध्या. आता मुंगीलाही वाट नाही. आज पाचवी. हे येऊन पोरीला बघून गेले, आल्या पावली.
खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो.

शुद्ध ६
आज काय झालं ते लिहिते.
न्हाणं झालं. आईनं बाजेखाली शेगडी सारली, निखारे भरपूर. ओवा, वावडिंग टाकलं, दार ओढून गेली. पोर प्यायली, निजली. माझं कपाळ ठणकायला लागलं. मग सगळं अंग जड. निजावंसं वाटत होतं, फार गोड वाटत होतं. डोळे मिटणार तेवढ्यात उलटीचा उमाळा आला म्हणून उठले. पोरीला हात लावला. मान लुळी. हलवलं, रडेना.
पायात बळ नव्हतं. दार चिंध्यांनी घट्ट बसलेलं, उघडेना. कोपऱ्यातल्या पाट्यावरचा वरवंटा घेतला अन् झरोक्यावर घातला. एकदा, दोनदा. माती ढासळली, गोणपाट ओढून काढलं, पोरीचं तोंड त्या भोकाशी धरलं. गार वारा. बाहेर वहिनी धुणं वाळत घालत होती, तिच्या नावानं ओरडले.
वहिनीनं लाथेनं दार उघडलं. अंगणात नेलं आम्हांला. पोरीनं आधी एक उचकी दिली, मग रडली.
आई म्हणाली, "दृष्ट लागली." मीठमोहऱ्या ओवाळल्या.
आबा संध्याकाळी परत माती कालवायला बसले. मी म्हणाले, "झरोक्याला हात लावायचा न्हाई." बापाशी असं कधी बोलले नव्हते.

शुद्ध ७
झरोका उघडा. शेगडी मी अंगणात ठेवायला लावली. आई रुसलीय. "बाळंतीण गारठली तर जनमभर कंबर धरंल." ढेकण्या येतात. मी आणि वहिनी आळीपाळीनं वेचतो, राखेच्या गाडग्यात टाकतो. पोरीच्या कानावर मऊ फडकं बांधलंय.
डोकं ठणकलं ते ओळखीचं होतं. हेच सारखं मनात येतं. तेव्हाही असंच कपाळ, अशीच गोड गुंगी. तेव्हाही कानातला किडा निघाल्यावर आबांनी खोली बंद केली होती, बाजेखाली शेगडी होती, आणि दोन दिवसांनी दुपारी

शुद्ध ९
परवा पुढं लिहवलं नाही.
किड्यानं गेला नाही तो. कोंडलेल्या निखाऱ्यांनी गेला. मला उशिरा जाग आली. या खेपेला पोरीला आली तशी त्याला आली नाही.

शुद्ध १२
हे पुन्हा आले, या खेपेला मुक्कामाला. सगळं सांगितलं. म्हणाले, "आता बोलून काय? म्हाताऱ्या माणसांनी मायेनं केलं. त्यांना जन्मभराचं दुःख द्यायचं?"
खरं आहे. मीही तेच ठरवलं. पोरीला घेऊन भोरला जायचं, तिथं खोलीला दोन खिडक्या. इथलं इथं.
पण जीव ठिकाणावर नाही.

पौर्णिमा
वहिनी पदराआड हसत कानात म्हणाली, "वन्सं, कुणाला सांगू नगा. मलाबी राहिलंय."
मी हसले. लगेच बोटांवर महिने मोजले. पावसाळ्याच्या शेवटाला. भात निसवलेलं, लोंब्या धरलेलं असेल. मग कापणी, मग थंडी. खोली तीच.

वद्य २
आबांना वहिनीची बातमी कळली. लई खूष. जेवताना म्हणाले, "औंदा कौलाखालची फट राहिली व्हती. पुढच्या टायमाला एक बी राहू द्यायची न्हाई."
दादा हसला. मी ताटावरनं उठले.

वद्य ३
सांगितलं.
आई परसात एकटी तांदूळ पाखडत होती. पोर माझ्या मांडीवर. म्हणाले, "आई, तो किड्यानं गेला न्हाई."
सूप थांबलं. "मग कशानं?"
बंद खोली, निखारे, कपाळ ठणकणं, एकेक करून सांगितलं. वाटलं, आता रडेल, नाहीतर मला बोल लावेल. तिनं पोरीच्या पायावरनं हात फिरवला, कितीतरी वेळ.
मग म्हणाली, "शेगडी म्या ठिवली व्हती."
"आई, तुला तवा कुठं ठाऊक होतं?"
"आन् लिंपलं त्यांनी." तिनं सूप मांडीवर ओढलं. "त्यांना सांगशील तर हात गळतील त्यांचं."
"आणि वहिनीच्या वेळेला?"
सूप खाली ठेवून उठली, पदर झटकला.
आबा गोठ्याच्या कुडाशी उभे आहेत, हाताला ओली माती. आई तिकडंच गेलीय. मी ओटीवरनं बघतेय. ती त्यांच्यापुढं उभी राहिली. आबांनी हात पुढं धरलेत तसेच, पुसलेले नाहीत. ती बोलतेय. एवढ्या लांबून ऐकू येत नाही.