सरकता ठिपका

१२ मार्च २०१६
सरकला! वेधशाळेच्या कालच्या चार फोटोंत एक ठिपका दर फोटोत केसभर पुढे. बाकी तारे जागच्या जागी. यादीत कुठेच नाही! साहेबांनी चष्मा पुसून परत बघितलं. "मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातला दिसतोय. नवा लघुग्रह आहे हो, बाई!"

१३ मार्च
आजच्या फोटोंतही आहे. जागा मोजून वेध लघुग्रहांच्या आंतरराष्ट्रीय केंद्राकडे पाठवले.

२१ मार्च
आभाळ हटायला तयार नाही. आणखी वेध मिळाले नाहीत तर कक्षा निघणार नाही, हातचा जाईल. नवरा म्हणतो, "एवढा मोठा धोंडा, जाऊन जाऊन जाईल कुठे?" त्याला काय कळतंय! पण हसू आलं.

३ एप्रिल
हातचा गेला.

१७ ऑक्टोबर २०२१
सापडला!! परदेशातल्या एका वेधशाळेने पकडलेला लघुग्रह आमच्या जुन्या वेधांशी तंतोतंत जुळला. तोच तो! चपला न काढताच घरात ओरडले— "आई, सापडला!" सासूबाईंनी हातातला चहा तसाच ठेवला. मग दोघी रडलो. ज्याला पहिलं सांगायचं, तोच नाही. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. पण आज किती दिवसांनी मोकळं वाटलं.

६ फेब्रुवारी २०२४
कक्षा पक्की ठरली, लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळाला. पहिले वेध आमचे, म्हणून नाव सुचवायचा मान माझा. मनात एकच नाव. आईंना भीत भीत विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं. "हसतं-खेळतं पोर माझं. दगडाला त्याचं नाव?"
विषय सोडला.

८ फेब्रुवारी
सकाळी भांडी विसळता विसळता, पाठमोऱ्याच— "दे ते नाव. निदान कुणीतरी घेत राहील." हुश्श!

११ नोव्हेंबर
नाव मंजूर. आईंनी अख्ख्या जिन्याला ऐकवलं. खालच्या शिंप्याने विचारलं, "म्हणजे आता कर लागणार का हो त्याला?"

३० जानेवारी २०२५
त्याचा उजेड ठरावीक वेळाने मंदावतो. का, ते आज पक्कं झालं— त्याच्याभोवती एक चिमुकला उपग्रह फिरतोय! जेवताना आईंना सांगितलं. त्यांनी माझ्या पानात भात वाढला. मग म्हणाल्या, "त्याला मिळाली सोबत. आता तूही तुझी लपवू नकोस. घेऊन ये त्यांना एकदा चहाला."
म्हणजे आईंना कळलंय! आणि मी तर या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.