माझ्या नावाचं कुलूप

प्रिय ठकू,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. खोलीतला हीटर कधी भट्टी होतो, कधी रुसून बसतो आणि विजेची मास्तरीण असूनही मला दाद देत नाही. बाकी सगळं उत्तम. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा सगळी मुलं एकदम गप्प झाली, त्यांना वाटलं मीच शिकवणार! मी मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा जो हशा पिकला, त्यात मीही मनापासून हसून घेतलं. त्यातलीच एक आता प्रयोगात माझी जोडीदार आहे. इतकी उंच, की मी तिला शिडी म्हणते. गणितात ती मला ओढते, मशीनपुढे मी तिला.

इथे सातासमुद्रापार शिकायला का आले ते तुला ठाऊक आहे. पॉलिटेक्निकमध्ये मी ज्यांना मोटर उघडायला शिकवलं, तीच पोरं परदेशात जाऊन एम.एस. करून आली आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही करायला बसली. तुझे बाबा म्हणाले, या वयात पदवी घेऊन काय दिवे लावणार? इलेक्ट्रिकलवालीला हे विचारतात! महिन्याभरात परत येईल म्हणून शेजाऱ्यांशी पैजही लावली होती त्यांनी. हरले, पण अजून कबूल करत नाहीत.

आता परवाचं ऐक. आमच्या लॅबचा एक नियम आहे. मोटरच्या तारांना हात लावायचा तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपल्या नावाचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसरं कुणीही, अगदी विभागप्रमुखसुद्धा, त्याला हात लावत नाही, कारण तिकडे कुणाचा तरी हात तारांवर असू शकतो. परवा संध्याकाळी मी अर्धी जोडणी करून जरा बाहेर आले आणि बाबांचा फोन आला. म्हणाले, तिकीट काढलंय, पुढच्या आठवड्यात निघ, नात सांभाळायची आहे. मग तू फोन घेतलास, रडलीस आणि मी येते म्हणून बसले. फोन ठेवल्यावर असा संताप आला, तुमचा आणि त्याहून माझा, की फोनच बंद केला, पर्स उचलली आणि तडक खोली गाठली. कुलूप स्विचवर, किल्ली पर्समध्ये.

सकाळी जाते तर सगळे खोळंबलेले. त्याच स्विचवर आणखी दोघांची मशीनं होती. शिडी भिंतीला टेकून उभी, आमच्या प्रोफेसरबाई स्टुलावर बसलेल्या. कुलूप कापायचं कटर तिथेच टांगलेलं होतं, पण कुणी हात लावला नव्हता. किल्ली घरी नेल्याबद्दल बाईंनी मला चांगलं फैलावर घेतलं. मग विचारलं, तुमचं काम संपलंय का? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग संपेपर्यंत राहू दे. बाकीचे दोघे आपापल्या वह्या उघडून बसले. मी तारा तपासत बसले आणि डोळे भरून आले. आपल्या घरात माझं कपाट, माझी सुट्टी, माझी झोप, कुणीही कधीही उघडली, आणि मी पदर खोचून उठले.

तू म्हणशील, आई, तुला नातीची माया नाही का? आहे गं, फार आहे. तुझ्या बाळंतपणाला येऊन गेले तेव्हापासून हात रिकामे रिकामे वाटतात. तुझी रजा संपतेय, नोकरी सोडावी लागेल, या विचाराने माझाही जीव खालीवर होतो. पण आत्ता उठून आले तर इथली माझी जागा जाईल, आणि पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. तुझी नोकरी राहावी म्हणून माझं शिक्षण सुटावं, हे गणित मांडलं कुणी? आणि त्यात तुझे बाबा कुठेच कसे नाहीत? निवृत्त झालेत, गुडघे शाबूत आहेत, एकच पेपर दोनदा वाचतात. आणि जावईबापूंचे हात काय फक्त जेवायला आहेत?

फोनवर तुझा आवाज ऐकला की मी विरघळते आणि भलतंच कबूल करून बसते, म्हणून हे लिहितेय. मी येत नाहीये. तिकीट आज सकाळी रद्द केलं. बाबांनाही वेगळं कळवलंय, नातीला सांभाळायची पाळी आता तुमची, दूध किती कोमट करायचं ते ठकू दाखवेल. ते चिडतील, आदळआपट करतील. तूही रडशील. खुशाल रड, पण नोकरी सोडायची नाहीस. मी पदवी घेऊनच येईन. आणि उद्या आपली ही चिमुरडी मोठी होऊन कुठे शिकायला निघाली आणि घरातलं कुणी तिच्या वाटेत उभं राहिलं, तर गाठ माझ्याशी आहे. मग ती तू असलीस तरी.

तुझीच,
न येणारी आई