होळीआधी मोटार

मार्गशीर्ष वद्य २, सोमवार
आज मोटार आली. घेतली नाही, बघायला आणली. धुळ्याचा दलाल घेऊन आला. चार दिवस ठेवा, चालवा, मंग बोला म्हणाला. काळी, लांब. आतली गादी आमच्या पलंगापेक्षा मऊ. काचा खालीवर होतात. आमच्या कापसाच्या जिनावरचे हमाल, रुई झाडणाऱ्या बाया, बठ्ठे काम टाकून फाटकाशी. ह्यांचं तोंड तर लग्नात पण एवढं फुललेलं नव्हतं.
माझ्या गोकुळला दहावा महिना. भोंपू वाजला तसा असा रडला की श्वासच परत येईना. पाठीवर थापटलं तेव्हा आला.

व. ३, मंगळ
ह्यांनी फिरवून आणलं. गोकुळ माझ्या मांडीवर. ब्राह्मणपुरीच्या वेशीपासून नाल्यापर्यंत. बाभळी अंगावर धावत येत होत्या. मी डोळे मिटले. हे म्हणाले, डोया उघड व, वावरं देख. मी म्हटलं, तुम्ही समोर बघा.
आबा काही बसले नाहीत. सासरे म्हणून मी समोर हसले नाही, पण आत येऊन खूप हसले. आबा म्हणाले, "दमणीले दोन बैलना चार डोया शेत. इले कोणा शेत?"
हे मोटार पुसत बसले, पुसायची गरज नसताना.

व. ४, बुध
पहाटे दूध काढायच्या आधी उठले. कोणी नव्हतं. मोटारीच्या दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावलं. चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडला, आवाज होऊ नये म्हणून फडक्यात धरून. म्हटलं, माझं लेकरू तुझ्यात बसतं, त्याला सांभाळ.
आमच्याकडे बैल आणला, सरकी काढायची चरखी आणली, तरी घरची बाई हेच करते. मी पण तेच केलं. आता बरं वाटतं. कोणाला बोलले नाही.

व. ६, शुक्र
सकाळपासून दोनच गाड्या. एरवी कापसाच्या गाड्यांची धूळ इतकी की धुणं वाळत घालता येत नाही. आज अंगण झाडलेलं तसंच राहिलं.
दुपारी कळलं. कळसाडीच्या चार गाड्या फाटकाशी येऊन उलट्या फिरल्या. हमालाने ऐकलं ते आबांना सांगितलं, मी जेवण वाढत होते. ते लोक म्हणत होते, सेठनी मोटार लिधी, आमना कापूसना भाव तुटाना पहिले.
हे म्हणाले, घेतली कुठे? हमाल म्हणाला, दिव्याले कुंकू शे ना. नारळ फोडेल शे. घरनी बाईनी पुजेल वस्तू घरनीच ऱ्हास.
हे हमालांवर चिडले, कोणी केला हा उद्योग म्हणून. मी डाळ वाढत राहिले. दोनदा वाढली त्यांना. त्यांनी पाहिलं पण नाही.

व. ७, शनि
आबा आज ह्यांना समोर बसवून बोलले. चिडले नाहीत. म्हणाले, माझ्या बापापासून शेतकरी इथं कापूस टाकून जातो, भाव न ठरवता. होळीपर्यंत त्याला वाटेल त्या दिवशी येतो, भाव तोडतो आणि त्या दिवसाच्या दराने पैसे घेऊन जातो. चिठ्ठी नाही, सही नाही. माल आपल्या अंगणात आणि त्याचं वर्ष आपल्या शब्दावर. त्याने का टाकावा? तर आपण पण त्याच्यासारखं बाजरीची भाकर खातो, दमणीत बसतो, म्हणून.
ह्यांचं पण खोटं नाही. मुंबईचे, सुरतेचे व्यापारी धुळ्याला येतात. मोटारीतून उतरलेल्याला आत खुर्ची देतात, दमणीवाल्याला बाहेर बाकावर बसवतात. मागच्या हंगामात हे दोन घंटे बाकावर बसले होते. मला माहीत नव्हतं. आज आबांना सांगताना ऐकलं.
आबा म्हणाले, "व्यापारी बाहेर बठाडतस, चाली. शेतकरी फाटकथून पलटनात ते जीन उघडं ठी काय करशी?"
संध्याकाळी दलाल मोटार घेऊन गेला. अमावास्येच्या आत सांगा म्हणाला, मंग पौष लागतो, पौषात तुम्ही नवं घेणार नाही, आणि माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.
कुंकवाचं सांगायला हवं. अजून सांगितलं नाही.

व. ९, सोम
गोकुळला काल सांजेपासून ताप. आज सकाळी खोकला असा, जसा कोल्हा भुंकतो. छातीत शिट्टी. आबांनी दमणी जुंपली. हे पण आले. शहाद्याच्या डॉक्टरकडे.
रस्ता संपेना. बैल पळवले तर खड्डा लागतो, खड्डा लागला की त्याचा श्वास अडतो. हळू नेले तर ऊन चढतं. मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले. वारा येतो का, येतो का. मोटारीतून अर्धा घंटा लागला असता. ह्यांच्या पण मनात तेच असणार.
डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. वाफ द्या, हिवाळाभर जपा, असं पुन्हा होऊ शकतं. पुन्हा झालं तर घरी थांबू नका.
जी मोटार मला खाईल असं वाटलं होतं, तिचीच वाट बघत होते मी बाभळीतून. आणि ती लांब गेली माझ्याच हाताने.

व. १०, मंगळ
गोकुळ दूध प्यायला. औषध तीन वेळा दिलं. ताप उतरला.
दुपारी कळसाडीचे उखाबा आले. म्हातारा माणूस. त्यांच्या मागे सगळी कळसाडी चालते. ओसरीवर आबा आणि हे. मी दाराआड. उखाबांनी चहा घेतला नाही, तेव्हाच कळलं. आमच्या सगळ्यांचा भाव आज तोडा म्हणाले. आज, एका दिवसात, सगळ्या गावाचा. तसं झालं तर जीन उभं राहत नाही, एवढं मला पण कळतं.
मंग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, मोटार आमना कापूसवर पळी ऱ्हायनी का तुन्हा?"
हे म्हणाले, लिधी नही.
"मंग कुंकू?"
आबांच्या समोर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. पदर घेतला आणि दारात आले.
"कुंकू मी लावं, उखाबा. मोटार आमनी नही. पोऱ्या तिन्हामा बठना व्हता, माले डर लागनी."
ह्यांनी मान वळवून पाहिलं. आबांनी नाही पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते.
उखाबा म्हणाले, मन्ही सून ते शेजारनी म्हैसले बी लिंबू बांधस. आणि हसले. दात नाहीत, तरी हसले. चहा आण म्हणाले.
पण जाताना हसले नाहीत. होळीपर्यंत नवी मोटार या अंगणात उभी राहणार नाही, एवढा शब्द मागितला. तो मिळाला तर गाड्या येतील, नाही तर आम्ही भाव तोडायला येतो. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाले. हे म्हणाले, काका, माले इचार करू द्या. उखाबांना ते आवडलं नाही. आबांना पण नाही.

व. ११, बुध
हे बोलत नाहीत. जेवतात, जिनात जातात. चरख्या आज अर्ध्याच चालल्या.

व. १२, गुरु
आज बोलले. मी गोकुळला वाफ देत होते, हे येऊन बसले, चादरीचं एक टोक धरलं.
म्हणाले, मला आधी सांगायचं होतंस. मी हो म्हटलं. मंग म्हणाले, पण बठ्ठ्यांसमोर बोलली तू. मी असतो तर नसतो बोललो.
मंग मी पण सांगितलं. दमणीत काय काय मनात आलं ते. बसायची भीती वाटते आणि नसायची पण. हे म्हणाले, मला बाकावर बसायची लाज वाटत होती, म्हणून हवी होती. सोमवारपासून ती लाज आठवत पण नाही, गोकुळची छातीच दिसते.
आधी एकट्या ह्यांना हवी होती तेव्हा सोपं होतं. मी नको म्हणायची, आबा नको म्हणायचे. आता दोघांना हवी आहे आणि घेता येत नाही.
मी म्हटलं, होळीनंतर घेतली तर? ते म्हणाले, थंडी होळीच्या आधी असते.
मी म्हटलं, आणि आत्ता घेतली तर? ते म्हणाले, जीन गेलं तर तेल कशानं भरायचं मोटारीत?
जाताना दारात थांबले. "कवय लेवानी, तूच सांग. मन्हाकडथून व्हत नही."
कधी घ्यायची, असं आजवर विचारलं नव्हतं मला. साडी घे म्हणाले तरी रंग तेच सांगतात.

व. १३, शुक्र
आबांना विचारलं, तुम्ही काय म्हणता. म्हणाले, मी गोकुळचा आजोबा पण आहे, मला विचारू नको.
रात्री खोकला दोनदाच. शिट्टी नाही. पण हवा आणखी गार झाली.

व. १४, शनि
सकाळी दलालाचा माणूस आला, उत्तर घेऊन जायला. उद्या अमावास्या. उखाबांची मुदत पण आजचीच.
ह्यांनी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. दोन ओळींच्या, मला वाचता येतील अशा मोठ्या अक्षरात. एकीत लिहिलं आहे, मोटार पाठवा. दुसरीत, होळीनंतर कळवतो. दोन्हीवर सही. माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, जी देशील ती जाईल, मी मागून एक शब्द बोलणार नाही. आणि जिनात निघून गेले. खरंच गेले.
माणूस ओसरीवर बसला आहे. त्याला चहा दिला, चिवडा दिला. हात थांबत नाहीत म्हणून इथं लिहिते आहे.
कळसाडीच्या वाटेवर धूळ दिसते. गाड्या आहेत. कापसाने भरलेल्या की भाव तोडायला आलेल्या रिकाम्या, ते इथून कळत नाही. आबा फाटकाशी जाऊन उभे राहिले.
गोकुळ झोपला आहे. नाकाशी बोट धरून पाहिलं. वारा येतो आहे.
माणसाने कप खाली ठेवला. बाई, माझी वाट लांब आहे म्हणतो.
उठते.