नवं रीळ सुनेच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा गळाची रिळं दुरुस्त करणे, राहणार धक्क्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या गल्लीत, निळ्या दाराच्या घरात, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे आणि मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. उलट मुलगा म्हणाला, "आई, एवढी कसली घाई?" घाई काहीच नाही. पण सुटे भाग टेबलावर मांडलेले असतानाच कुठला कुठे बसतो ते सांगून ठेवावं. झाकण लागलं की ज्याला त्याला वाटतं, आपल्यालाच सगळं कळतं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम १. राहतं घर, माडीसह व मागच्या नळासह, मी मुलगा आणि सूनबाई या दोघांच्या नावे समसमान ठेवते. एकट्या मुलाच्या नावे नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. बाईचं जे असतं ते कागदावर असल्याशिवाय तिचं नसतं, हे मी माहेरी शिकले.

माझे वडील घड्याळजी होते. बाराव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत मी त्यांच्या शेजारी बसून घड्याळं उघडली, पुसली, चालती केली. वडील गेले आणि दुकान धाकट्या भावाकडे गेलं. मी फक्त डोळ्याला लावायचं भिंग मागितलं. भाऊ म्हणाला, "ताई, तू आता संसार बघ. भिंगाचं तुला काय काम?" मी चहाही न घेता परत आले. त्यानंतर चाळीस वर्षं आमचं बोलणं लग्नकार्यापुरतं.

माझे दिवंगत यजमान बोटींच्या इंजिनांचे मेकॅनिक होते. एकदा कोणीतरी त्यांच्याकडे मिठाने जाम झालेलं रीळ आणून दिलं. त्यांची बोटं ही अशी जाडजूड. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे इंजिन नाही, दागिना आहे. तू बघ." मी बघितलं. तेव्हापासून चौतीस वर्षं बघतेच आहे.

कलम २. बँकेतली मुदत ठेव मुलाची. बोटीत सोडाच, धक्क्यावर उभं राहिलं तरी त्याच्या पोटात ढवळतं. तो कचेरीत काम करतो आणि चोख करतो. समुद्राचं वेड त्याच्या बायकोला आहे, आणि त्याने तिला कधी अडवलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी ठेव त्याची.

कलम ३. काचेच्या कपाटातलं काळं मोठं रीळ, हँडलवर लाल पट्टी असलेलं, मी सूनबाईला देते. ते तिचंच आहे, तिनेच विकत घेतलं. पण सात वर्षांपूर्वी त्यावरून जे रामायण झालं, त्यानंतर ती म्हणते, "आई, ते आता तुमचं." म्हणून कागदोपत्री परत करते. रामायणही इथेच लिहिते, कारण गावभर त्याच्या चार आवृत्त्या फिरतात आणि त्यातल्या तीन खोट्या आहेत.

तेव्हा सूनबाई दुसऱ्याच्या बोटीवर मजुरीने जात असे. बोटमालकाचे गुडघे गेले होते. बोट चालवायला कोणाला तरी द्यायची होती, आणि सूनबाईने ती मागितली होती. त्याने ना हो म्हटलं, ना नाही. त्याच सुमारास तिने पै पै साठवून हे नवं रीळ घेतलं, बाजारातल्या मोठ्या दुकानातून. त्या दुकानदाराला सगळे गॅरंटीशेठ म्हणतात, कारण तो प्रत्येक वस्तूवर हात ठेवून "गॅरंटी!" म्हणतो.

पहिल्याच फेरीला मोठा मासा लागला. सूनबाई हँडल फिरवते आहे, आणि दोरा आत यायचं नावच घेत नाही. उलट बाहेरच धावतोय. मासा गेला. तिने ड्रॅग आवळला. ड्रॅग म्हणजे रिळातला ब्रेक, जोराचा ओढा आला की दोरा तुटू न देता बेताने सोडणारा. दुसऱ्या फेरीला पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीला बोटमालक स्वतः बोटीवर होता. तो सगळ्यांदेखत बोलला, "जिला नवं रीळ सांभाळता येत नाही, तिच्या हाती बोट कशी देऊ?"

ती रीळ घेऊन दुकानात गेली. गॅरंटीशेठ म्हणाला, "याला खारं पाणी लागलंय. गॅरंटी संपली."

"अहो, समुद्रात वापरायचं रीळ आहे," ती म्हणाली. "मग काय बादलीत वापरू?"

त्याने मागच्या टेबलावरच्या कारागिराला हाक मारली. तो कारागीर म्हणजे माझा धाकटा भाऊ. घड्याळांचे दिवस संपल्यावर दुकान विकून तो तिथे दुरुस्तीला बसला होता. त्याने रीळ उघडलंही नाही. दोनदा हँडल फिरवलं आणि चिठ्ठी लिहिली: "गिअर झिजले आहे. नवीन रीळ घ्यावे." तीन फेऱ्यांत गिअर झिजलं! चिठ्ठी हातात घेऊन सूनबाई माझ्यासमोर उभी राहिली. ती रडत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

खरं ते लिहिते. मीही दोन दिवस चुकले. मीसुद्धा ड्रॅगच्याच मागे लागले. बाजूची झाकणं काढली, वॉशर एकेक करून पांढऱ्या कापडावर मांडले. सगळे नवे कोरे. गिअरचा एक दात दुखावलेला नाही. एक बारीक स्प्रिंग उडाली, ती शोधायला मी आणि मुलगा तासभर जमिनीवर रांगलो. पुन्हा सगळं बसवलं. दोरा दाराच्या कडीला बांधून ओढला, तर दोरा बाहेर येतोच आहे. मी कपाळाला हात लावला. मग मनाशी म्हटलं, चोर घरात सापडत नाही, तर अंगणात बघू.

सूनबाईची नखं रंगवायची बाटली घेतली. रिळाच्या मधल्या चाकाच्या काठावर, ज्यावर दोरा गुंडाळतात, एक लाल ठिपका दिला. त्याच्यासमोर दोऱ्यावर दुसरा. मुलाला म्हटलं, "ओढ." त्याने ओढलं. दोऱ्यावरचा ठिपका निघाला फिरायला, चाकावरचा आपला जागच्या जागी! चाक हलतच नव्हतं. दोऱ्याचा अख्खा गुंडा त्याच्यावरून घसरत होता, तेल लावलेल्या बोटावरून बांगडी घसरावी तसा.

विणलेला दोरा गुळगुळीत असतो आणि चाकही गुळगुळीत. दुकानात दोरा भरताना तो थेट चाकाला बांधला होता. खाली तंगूसचे दहा-बारा वेढे घ्यायचे असतात. तंगूस म्हणजे साधा नायलॉनचा दोरा, तो चाकाला धरून बसतो आणि वरच्याला धरून ठेवतो. तेवढं कोणी केलंच नव्हतं. ड्रॅग निर्दोष, गिअर निर्दोष, आणि माझी सूनही निर्दोष.

मी सगळा दोरा काढला, तंगूस भरला, वर विणलेला दोरा ओल्या फडक्यातून ताणून घट्ट गुंडाळला. सूनबाईने कडीला बांधून ओढलं, आणि कडीच दारातून निघून हातात आली. ती कडी अजून बसवायची आहे. ते काम मुलाकडे.

त्या रविवारी धक्क्यावर गळाची वार्षिक स्पर्धा होती. सूनबाई रीळ लावून आलेली पाहिल्यावर गॅरंटीशेठ मोठ्याने हसला. "या रिळावर मासा आला तर दुकानावरची दुरुस्तीची पाटी काढून तुमच्या दारावर लावीन!"

मी म्हटलं, "खिळे तुम्हीच आणा."

दुपारी बोट परत आली तेव्हा बोटमालक टपावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. गुडघे गेलेला माणूस टपावर चढला कसा, देव जाणे. मासा एक्केचाळीस किलो भरला. काट्यावर घालायला चार माणसं लागली. सूनबाई म्हणत होती, "आई, तो पाच वेळा पळाला! पाचही वेळा रिळाने बेताने सोडला आणि पाचही वेळा परत आणला!" तिच्या तळहातांची सालटी निघाली होती आणि ती हसत होती. बोटमालकाने किल्ली खिशातून काढली, तिच्या हातावर ठेवली आणि एवढंच म्हणाला, "मी चुकलो." आज तिच्याकडे दोन बोटी आहेत.

कलम ४. हे रीळ पुढीलप्रमाणे सांभाळावे, ही दानाची अट समजावी. प्रत्येक फेरीनंतर ड्रॅग हलका आवळून गोड्या पाण्याने अलगद धुवावे. नळीच्या जोरदार धारेने धुऊ नये, त्याने मीठ निघत नाही, आत जातं. पुसून, सावलीत वाळवून, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावे. बेअरिंगला तेलाचा एक थेंब. एक म्हणजे एक. ड्रॅगच्या वॉशरला तेल लावणाऱ्याला माझ्या घरात थारा नाही. वर्षातून एकदा पूर्ण उघडावे, भाग काढले त्या क्रमाने मांडावेत. आणि काही बिघडलं तर उघडण्याआधी नुसतं बघावं. हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं.

कलम ५. गॅरंटीशेठ यांना मी तंगूसचं एक बंडल ठेवते. ते त्यांनी पहिल्याच दिवशी वापरायला हवं होतं. पाटी मात्र त्यांनी शब्द राखून स्वतः आणून ठोकली, खिळ्यांसकट, हेही नोंदवते. ती दारावरून कोणी काढू नये.

कलम ६. धाकटा भाऊ. पाटी गेल्यावर त्याचं तिथलं काम संपलं. वर्षभर तो रस्त्यात मला बघून पलीकडे जाई. मग एक दिवस दारात उभा. म्हणाला, "ताई, मी ते रीळ उघडलं नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पेच जसेच्या तसे होते."

"उघडायला हवं होतं."

"उघडून तुलाही काही सापडलं नसतं. मलाही सापडलं नाही. आत ये."

तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून काम करतो. कामात माझ्याहून संथ आहे, पण रीळ उघडल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही. सबब दुरुस्तीची खोली, टेबल व ती खुर्ची वापरण्याचा हक्क मी त्याला तहहयात देते.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी बोटमालकाने करावी. राहिलेलं सगळं, जे वर लिहायला विसरले तेही, सूनबाईचं.

एवढं लिहून झाल्यावर आज सकाळी वकील, डॉक्टरीणबाई आणि घरची माणसं टेबलाभोवती बसली. मी सगळं मोठ्याने वाचलं. भाऊ म्हणाला, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकील म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याला साक्ष देता येत नाही. तुमची सही झाली तर तुमचं कलम फुकट जाईल."

"मग ते कलम खोडा," भाऊ म्हणाला. "ताईच्या घरच्यांसाठी मी आयुष्यात एकच कागद लिहिला, त्या रिळाची चिठ्ठी, आणि तोही चुकीचा. आज दुसरा लिहू द्या."

मी म्हटलं, "वेड्या, खुर्ची जाईल."

सूनबाई चहाचे कप उचलत होती. वळूनही न बघता म्हणाली, "मामा, खुर्चीत बसायला कागद कशाला लागतो?"

सबब कलम ६ मधील शेवटचं वाक्य मी माझ्या हाताने खोडलं असून समासात आद्याक्षरी सही केली आहे. बाकीचं कलम राहू द्यावं. ते खरं आहे.

सही: मृत्युपत्र करणारी, रीळ-दुरुस्ती कारागीर

आम्हा दोघांसमोर बाईंनी वाचून, समजून, राजीखुशीने सही केली:

साक्षीदार १: गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातील डॉक्टरीण. (प्रकृती उत्तम. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला.)

साक्षीदार २: धाकटा भाऊ, घड्याळजी. मी हा कागद पूर्ण उघडून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आहे. माझी ताई या धक्क्यावरची सगळ्यात मोठी कारागीर आहे, असे मी शपथेवर लिहून देतो.

ठिकाण: दुरुस्तीची खोली, खिडकीपाशी
दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेदहा