तुझी जट, माझी गाठ

आई, उद्या सकाळी तुझी पणती डोक्यावरच्या जटा सोडवून घ्यायला माझ्याकडे येणार आहे. माझ्या मुलानं आज दुपारी फोनवर तसं सांगितलं. एकाच माणसाच्या शब्दावर बातमी धरायची नाही ही वर्तमानपत्रातली जुनी सवय, म्हणून मी तिलाही विचारून घेतलं. "हो आज्जी, नक्की येतेय," ती म्हणाली. मद्रासच्या टोकाला, शोळिंगनल्लूरला तिचं ऑफिस आहे. तिथल्याच एका पार्लरमध्ये दिवसभर खुर्चीत बसून तिनं त्या जटा करून घेतल्या होत्या, पैसे देऊन, हसत. आता मान दुखते, उन्हाळ्यात डोकं ओलं राहतं, आणि पार्लरवाली म्हणते की सुटायच्या नाहीत, मशीनच फिरवावं लागेल. "मशीन नको, आज्जी. बाबा म्हणाले, तुझ्या आईनं तुझी जट सोडवली होती. तुला येत असेल ना?" मी हो म्हणाले. फोन ठेवल्यापासून हातातलं काम सुचत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. आपली तंजावरी बोली मला कागदावर उतरवता येत नाही, लिहायला शिकले ती पुण्याच्या पुस्तकांवरून. तू समजून घेशील.

मद्रासच्या एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीतलं ते घर. एका अंगणाभोवती चार बिऱ्हाडं, त्यांना सगळे पोर्शन म्हणत, आणि चौघांत मिळून एक नळ. एका बिऱ्हाडात आपण, काका-काकूंसह; अप्पा रेल्वेत कारकून. तू सगळ्यांच्या आधी उठून नळावर घागर लावायचीस आणि सगळ्यांच्या मागून जेवायचीस. आज्जी, म्हणजे अप्पांची आई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तुझ्या प्रत्येक कामाला नाव ठेवायची. सांबार पातळ, भात चिकट, काफी गार. ती तरुणपणीच विधवा झालेली, डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. दर महिन्याला परसदारानं न्हावी यायचा, आज्जी विहिरीच्या कठड्याशी पाठ करून बसायची आणि आम्हा मुलांना तेवढा वेळ आत कोंडलं जायचं. वस्तऱ्याचा आवाज मात्र दाराच्या फटीतून यायचा. तो मी विसरलेले नाही.

मग तुला तो लांबलेला ताप आला. बाळ पोटातच गेलं होतं, त्यानंतरचा. कित्येक आठवडे तुझ्या डोक्याला तेल नाही, फणी नाही. उठून बसलीस तेव्हा मानेवर केसांचा एक गोळा झाला होता, काथ्याच्या पायपुसण्यासारखा. तू फणी घेतलीस. आज्जीनं तुझा हात धरला. दारात फुलवाली उभी होती, हातानं मोजून मोगऱ्याची वेणी तोडत. आज्जीनं तिला आत बोलावलं, तुझी मान वळवून दाखवली. फुलवालीनं टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. "अम्मा आलीय तुमच्या घरात," ती तमिळमध्ये म्हणाली. अम्मा म्हणजे देवी. "फणी लावू नका हो. आमच्या गल्लीत एकीनं कापली, वर्ष फिरायच्या आत नवरा गेला." आज्जीनं तिथल्या तिथं त्या गोळ्याला हळदकुंकू लावलं. मला आठवतं, तू त्या फणीकडे बघत होतीस.

त्यानंतर आपल्या घराचं सगळं उलटं झालं. जिच्या डोक्यावर देवी आहे तिला नळावर कसं पाठवायचं? घागर काकू भरू लागल्या. तुला बसायला पाट आला. शुक्रवारी, इतर बायका तेल लावून न्हायच्या त्या दिवशी, तू कोरड्या डोक्यानं पाटावर बसायचीस आणि चारही पोर्शनमधल्या बायका लिंबं घेऊन यायच्या. मुलाला नोकरी लागेल का, मुलीचं जमेल का. तू फार बोलायची नाहीस. "होईल", "थांब", "घाई नको", एवढंच. गंमत म्हणजे तू आधीही हेच बोलायचीस, तेव्हा कोणी ऐकत नव्हतं. मी मोठी झाले तेव्हा काकांनी माझी शाळा बंद करायचं काढलं. सगळे जेवत होते. तू पाटावरून म्हणालीस, "तिला जाऊं दे." काकांनी मान खाली घालून ताक ओतून घेतलं. विषय संपला. मी पुढे जी काही झाले, तिची सुरुवात त्या तीन शब्दांत आहे, आणि ते शब्द तुझ्या जटेचे होते हे मला तेव्हाही कळत होतं.

पण रात्रंदिवस ती वागवायला तूच होतीस. मे महिन्याच्या उकाड्यात ती ओली राहायची, वास यायचा, मानेवर पुरळ उठायचं. तुला उताणं निजता येत नव्हतं. अप्पांनी आपली चटई ओसरीत नेली. एकदा मी शाळेतून लवकर आले, तर तू एकटीच परसात बसून विणायची सुई त्या जटेत खुपसून खाजवत होतीस, दात आवळून. मला बघून सुई पदराखाली घेतलीस. "कोणाला सांगूं नको," म्हणालीस. मी नाही सांगितलं.

मग मला कांजिण्या आल्या. मद्रासमध्ये त्यालाही अम्मा आली असंच म्हणतात. दाराला कडुलिंबाचे डहाळे, अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, आणि अंग बरं होऊन कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाईपर्यंत केसांना हात लावायचा नाही. न्हाण झालं, खपल्या गेल्या. पण मानेशी केसांत सुपारीएवढी गाठ राहिली. आज्जीच्या बोटांना ती पहिल्यांदा लागली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. भीती नव्हती त्यात, तिला हायसं वाटलं होतं. फुलवाली आली, तिनं बघितलं आणि माझ्यापुढेही हात जोडले. "आईची लेकीकडे आली," ती म्हणाली. आज्जीनं ठरवलं, येत्या शुक्रवारी चारचौघींसमोर गाठीला हळदकुंकू लावायचं. एकदा ते लागलं की फणी नाही, लग्न नाही, आणि शाळा तर नाहीच. देवीच्या मुलीला बाकावर कोण बसवणार?

शुक्रवार यायला अजून दोन-तीन दिवस होते. मी तुझ्याभोवती घुटमळत होते. तू तांदूळ निवडत होतीस, निवडलेलेच पुन्हा निवडत होतीस. आज मला कळतं की तुझी कोंडी कुठे झाली होती. माझी गाठ म्हणजे नुसता गुंता, असं म्हणालीस तर तुझी काय होती? आणि तुझाही गुंताच असेल, तर तुझ्या शब्दाला उद्या कोण विचारणार? माझी शाळा ज्या खुंटीला टांगली होती ती तुलाच उपटायची होती.

शुक्रवार. अंगणात बायका जमल्यात. आज्जीनं कुंकवाची कोयरी पुढे ठेवलीय. मला पाटावर बसवलंय, तुझ्याच पाटावर. तू स्वयंपाकघरातून येतेस, हातात तिळाच्या कोमट तेलाची वाटी आणि ती विणायची सुई. माझ्या मागे बसतेस आणि मला गुडघ्यांत धरतेस. तेल मानेवरून पाठीत ओघळतं.

"काय करतेस गे?" आज्जी.

"सोडवते."

"हात लावूं नको. तिची वस्तू आहे ती."

"तिलाच विचारलं मी, अत्याबाई. विंचर म्हणाली."

देवी जिच्या डोक्यावर तिचाच हा शब्द, त्याला उत्तर काय देणार? फुलवालीनं तोंडाला पदर लावला. सुई आत जात होती, एकेक केस ओढून बाहेर येत होता. मला फार दुखत होतं. तू मान धरून ठेवली होतीस. कोणी उठून गेलं नाही. सगळ्या जणी काहीतरी व्हायची वाट बघत होत्या, कोणी पडेल, वीज कोसळेल. नळाला पाणी आलं आणि एकही बाई घागर घेऊन उठली नाही. शेवटी फणी वरून खालपर्यंत न अडकता गेली. तू ती तीनदा फिरवलीस, सगळ्यांना दिसेल अशी.

मग आज्जी म्हणाली, "हिचं झालं. तुझं?"

"माझीही काढा." तू सुई पुसत होतीस. "ही माझ्या डोक्यावर आहे तोवर हिच्या प्रत्येक गुंत्यांत तुम्हांला देवी दिसणार."

"वेडी का? नवरा जिवंत आहे तुझा. सवाष्णीच्या डोक्याला कात्री?"

"म्हणून तर तुम्ही काढा. न्हावी नको."

आज्जीनं कोयरीचं झाकण लावलं. मग बोलली ते इतकं हळू की कडेला बसलेल्या बायकांना ऐकू गेलं नसेल. "उद्या माझ्या पोराला कांही झालं तर तो न्हावी तुझ्यासाठी येईल. परसांत, त्याच कठड्याशी. जट असलेल्या डोक्याला तो शिवत नाही. मला एवढंच ठाऊक होतं. माझ्यासाठी कोणी देवी आणली नाही गे. तुझ्यासाठी मी आणली. ह्या पोरीसाठीही आणत होते."

तू तिच्याकडे वळून पाहिलंस. इतक्या वर्षांत तुम्हा दोघींना एकमेकींच्या डोळ्यांत बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. "तुम्ही आणलीत, मी बसवून घेतली," तू म्हणालीस. "आतां तिला पाठवूं या."

शेजारच्या पोर्शनमधली बाई शिवणकाम करायची, तिची कात्री आणली. जट एकदम कापली जात नव्हती. आज्जी सुंभ कापावा तशी थोडी थोडी कापत होती, आणि तिच्या डोक्यावरचा पदर मागे सरकला होता, तो सावरायचं तिला भान नव्हतं. जमिनीवर पडली तेव्हा ती जट किती लहान दिसली. तुझे उरलेले केस मानेपर्यंत आले. तू मान डावीकडे वळवलीस, उजवीकडे वळवलीस, आणि डोळे मिटलेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी म्हणाली, "काफी गार आहे." तू घागर घेऊन नळावर गेलीस. फुलवाली आपल्या दारावरून हाक न देता पुढे गेली, आणि पुढे कित्येक महिने जात राहिली. रस्त्यात लोक तुझ्या कपाळावरचं कुंकू बघायचे, मग केस बघायचे, मग पुन्हा कुंकू. अप्पांनी बाजारातून गंगावन आणून दिलं, काळ्या दोऱ्यात बांधलेलं. चटईही आत आली. आणि काकांनी, मला अपेक्षा होतीच, पुन्हा माझ्या शाळेचं काढलं. या वेळी तू पाटावर नव्हतीस, चुलीपाशी उभी होतीस, हातात पळी. तू तेच म्हणालीस, "तिला जाऊं दे." काका हसले. "आतां कोण सांगतंय हे?" तू म्हणालीस, "मी." पळीतलं सांबार तसंच टपकत राहिलं. अप्पा ताटावरून न बघता म्हणाले, "तिनं सांगितलं ना." मी गेले.

अप्पा अचानक गेले तेव्हा तुझे केस कमरेपर्यंत आले होते. बाहेर पुरुषमाणसं जमली होती, तंजावरहून आलेले कोणीतरी रिवाजाचं बोलत होते. मी आज्जीला शोधत मागे गेले. तिनं परसदाराला आतून कडी घातली होती आणि दाराला पाठ लावून ती खाली बसली होती. स्वतःचा मुलगा पुढच्या खोलीत ठेवलेला असताना. बाहेरून कोणी दार ठोठावलं. "ह्या घरांत आतां कोणाचंही काम नाही," ती आतूनच म्हणाली, आणि पुन्हा ठोठावणं थांबेपर्यंत हलली नाही. तू शेवटपर्यंत वेणी घातलीस. म्हातारपणी ती बोटाएवढी झाली होती, तरी घालायचीस.

हे सगळं मी तुझ्या पणतीला सांगितलेलं नाही. तिनं विचारलं ते एवढंच, की दुखेल का. मी नाही म्हणाले, आणि तेवढं खोटं आहे. आणखी एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही, तुलाही नाही. त्या दिवसांत फुलवालीनं माझ्यापुढे हात जोडले तेव्हा मला आवडलं होतं. शाळा जाणार हे कळत होतं, तरी आवडलं होतं. काकूंनी मला आधी वाढलं होतं, आज्जीनं आवाज चढवला नव्हता. मी त्या चवीची दोन-तीन दिवसांची धनी. तू कित्येक वर्षं ती चव घेतलीस आणि एका सकाळी, माझ्या मानेवर तेल ओतून, सोडलीस. ते किती जड गेलं असेल हे मी तुला कधी विचारलं नाही. जन्मभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं, आणि हा एक राहिला.

हे पाठवायला पत्ता नाही, तेव्हा घडी करून ठेवते. सकाळी ती आली की तिला ओसरीत, उजेडाकडे पाठ करून बसवीन. तेल मी आत्ताच काढून ठेवलंय, विणायची सुईही सापडली. डोळे आता पूर्वीचे नाहीत, एका बैठकीत सगळ्या सुटतील असं वाटत नाही. पहिली जट मानेजवळची घेईन. ती सुटली तर बाकीच्या सुटतील.