दिव्यानीच्या नावाची मुळी

ता. आरमोरी,
१८ ऑक्टोबर २००६

चि. प्रफुल यास बाईचा आशीर्वाद. वि. वि.

आमच्या गावात अजून रेंज नाही, म्हणून मोबाईलचा टॉवर सांभाळणाऱ्या भावाला पत्रच लिहावं लागतं. गावातल्या लालसूच्या हाती पांढरी मुसळी पाठवते आहे. पोचू वैदू नाव विचारल्याशिवाय जंगलात मुळी खणत नाही. ज्याच्या नावानं खणली त्यालाच लागू पडते म्हणतो. दोन वर्षांत ही सहावी खेप, तुझ्या बायकोच्याच नावानं. माझ्या लेकीच्या, मंगलीच्या बाळाच्या बारशाला दिव्यानीच्या मांडीवर बाळ दिलं नाही, म्हणून ती रुसली असेल. लेकरू नसलेलीच्या मांडीवर देत नाहीत, रीत असते बाबा. तिला दुधातून मुळी खायला लाव, लेकरू झालं की राग जाईल.

आहे तो लोभ वाढव.
तुझी कमळाबाई

माजरी,
५ नोव्हेंबर २००६

ती. बाईस शि. सा. नमस्कार.

मुळी पोचली, पण खायला दिव्यानी इथे नाही. पोंभुर्ण्याला माहेरी गेली. दोष माझ्यात आहे, बाई. दोन वर्षांपूर्वी मी गुपचूप तपासणी केली, शुक्राणू फार कमी निघाले. टॉवरखाली खोली, मोबाईल सदा पँटच्या खिशात. त्यानं झालं काय, असं डॉक्टरांना विचारलं. लोक शंका घेतात, पण खात्रीनं सांगता येत नाही, इलाज करू, म्हणाले. मी मोबाईलचा खिसा बदलला, तोंड मात्र उघडलं नाही. तुझ्या पुड्या येत, ती मुकाट्यानं खाई, मी बघत राही. परवा मोबाईलच्या खोक्यात तिला रिपोर्ट सापडला. बारशाच्या दिवशी तरी काऊन नाई बोलले, एवढंच तिनं विचारलं.

पोचूकाकाला माझ्या नावानं खणायला सांग. आणि तिला आणायला तू जा. मला तोंड नाही.

माया आटू देऊ नकोस.
प्रफुल

ता. आरमोरी,
२६ नोव्हेंबर २००६

चि. प्रफुल, लिहिताना हात जड होतो, तरी आशीर्वाद.

पोचूला तुझं नाव सांगितलं. तो खाली बसला. सहा वेळा त्या पोरीचं नाव घेऊन खणलं, आता जमिनीले काय सांगू, म्हणाला. मग खणली.

पोंभुर्ण्याला मंगलीचं बाळ घेऊन गेले, दिव्यानीच्या मांडीवर ठेवलं आणि माफी मागितली. तिनं त्याला पुष्कळ खेळवलं, काजळाचं बोट लावलं, मग माझ्याकडे परत दिलं. तुझ्यातल्या कमीचं तिला काही वाटत नाही. आधी सांगितलं असतं तर लेकराविना जन्म काढला असता, म्हणाली. पण यायला ती तयार नाही. निघताना म्हणाली, बाई, आता जंगलात माझं नाव घेऊ नका.

मुळी सोबत आहे, तुझ्याच नावाची. दुधातून खा.

माया आटत नाही रे, म्हणून तर रडू येतं.
कमळाबाई